एकवीस मिनिटांचं हवाई अंतर

अंतर हा माझा प्रांत आहे. कुणाचा गाण्यात हात धरता येत नाही, कुणाचा वांगी पारखण्यात. माझा अंतरात धरता येत नाही. रस्ते खात्यात माझं जे टेबल आहे, त्यावर सव्वीस वर्षं एकच काम चालतं. कुठल्या मैलाच्या दगडावर कुठला आकडा रंगवायचा, ते मी ठरवतो. मैल कधीच गेले, किलोमीटर आले, पण त्याला किलोमीटरचा दगड कुणी म्हणत नाही, तेव्हा मीही म्हणत नाही. या भागात तुम्ही कुठूनही कुठेही निघालात, तर किती अंतर कापलंत हे तुम्हाला दर हजार मीटरला मी सांगत असतो. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

हे आधीच सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं त्यावरून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायचा.

आमच्या सासूबाई आमच्याकडेच असतात. वय अठ्ठ्याहत्तर, तब्येत खणखणीत, आवाज त्याहून. एकच खोट: त्यांना गाडी लागते. म्हणजे अशी तशी लागत नाही. बस नुसती उभी असली आणि तिचं इंजिन सुरू असलं, तरी त्या रस्त्याच्या पलीकडून तोंडाला रुमाल लावतात. त्यांची मर्यादा पंचवीस मिनिटांची आहे. हे मोघम सांगत नाही. तीन वेगवेगळ्या वाहनांत, तीन वेगवेगळ्या चालकांच्या साक्षीने ते सिद्ध झालेलं आहे.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, डोंगरापलीकडच्या गावात राहतात. त्यांना गाडी लागत नाही, पण गुडघे वाकत नाहीत. पाय लांब करून बसता आलं नाही, तर त्या बसतच नाहीत, आणि पाय लांब करून बसता येईल अशी मोटार अजून कुणी बनवलेली नाही. आमच्यापासून त्यांचं गाव रस्त्याने दोनशे सत्याऐंशी किलोमीटर. मधे एक डोंगर, एक नदी आणि डोंगराला सात वेळा प्रदक्षिणा घालणारा घाट. नऊ तास लागतात. त्यामुळे या दोघी बहिणी अकरा वर्षांत भेटलेल्या नव्हत्या. दर रविवारी फोन व्हायचा. आधी अर्धा तास तब्येती, मग अर्धा तास इतरांच्या तब्येती, आणि शेवटी ठरलेलं वाक्य. मावशी विचारायच्या, ताई, आता भेट कधी? सासूबाई म्हणायच्या, बघू. आणि फोन ठेवून बराच वेळ त्या टेलिफोनकडेच बघत बसायच्या.

अशाच एका रविवारी, त्या तशा बघत बसल्या असताना, मी मोबाइलमध्ये सहज दोन्ही गावांची नावं टाकली. अंतराच्या माणसाला असे नाद असतात. एक पान उघडलं. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: हवाई अंतर ११८ किलोमीटर. उड्डाणाचा वेळ २१ मिनिटे.

मी ते मोठ्याने वाचलं. माझ्या आयुष्यातली ही दुसरी मोठी चूक. पहिलीबद्दल बायको इथेच शेजारी बसलेली असताना लिहिणं योग्य नव्हे.

सासूबाईंनी टेलिफोनवरची नजर माझ्याकडे वळवली. "किती मिनिटं म्हणालात, जावईबापू?"

"एकवीस."

"म्हणजे चार शिल्लक राहतात," त्या म्हणाल्या. त्यांचा हिशेब पंचवीसचा होता.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं की आपल्या गावात विमानतळ कुठाय. प्रश्न रास्त होता, पण माझ्याकडे उत्तर होतं. गावाबाहेरच्या माळावर एक धावपट्टी आहेच. कधीकाळी शेतावर औषध फवारणाऱ्या विमानासाठी ती केली होती. दर चार-पाच वर्षांनी तिथून प्रवासी विमान सुरू होणार असल्याची बातमी येते, आणि आमच्याकडे वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येतं. या वेळी बातमीच यायची राहिली असेल आणि विमान सुरू झालं असेल, असं मी तिला समजावलं. शिवाय, जी गोष्ट नाही, तिला किती वेळ लागतो हे कोण कशाला छापून ठेवील?

"तुमच्या खात्याने ठेवलं असतं," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं आणि त्याच तिरीमिरीत मावशींना फोन लावून टाकला. पुढच्या रविवारी ताईंना घेऊन येतो. विमानाने. एकवीस मिनिटांत. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मावशी म्हणाल्या, "तिला म्हणावं, नुसतं 'बघू' म्हणू नकोस. खरंच ये."

सासूबाई खरंच निघाल्या. सोमवारी सकाळी त्यांनी पडवीत खुर्ची मांडली, समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून ठेवलं आणि डोळे मिटून बसल्या. मी विचारलं, काय चाललंय? त्यांनी डोळे न उघडता बोट ओठांवर ठेवलं. बायकोने मला आत ओढून सांगितलं की विमानाचा सराव चालला आहे. एकवीस मिनिटं न हलता, न बोलता बसायचं. आईला न बोलता बसलेलं बायकोने जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती दारातून घटकाभर नुसती बघत राहिली.

मंगळवारी सराव पुढच्या पायरीवर गेला. विमानात आवाज असतो, असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून बायकोने खुर्चीमागे मिक्सर आणून रिकामाच फिरवला. बुधवारी शेजारची मंडळी बघायला आली. बुधवारचा निकाल सासूबाईंनी रात्रीच्या जेवणाला जाहीर केला: अठराव्या मिनिटाला जरा घशाशी आलं होतं, पण त्यांनी ते परत पाठवलं. मग पानावरून उठता उठता त्या मला म्हणाल्या, "जावईबापू, या वेळी जमलं तर जमलं. नाही जमलं तर पुन्हा हा विषय मी मनात आणायची नाही. या वयात मन एकदाच तयार होतं."

गुरुवारी मी तिकिटं काढायला निघालो.

तिकिटं कुठे मिळतात, ते पानावर लिहिलेलं नव्हतं, म्हणून सरळ धावपट्टीवरच गेलो. फाटकाशी राखणदार होता. पट्टीवर काही शेळ्या होत्या. मी दोन तिकिटं मागितली. राखणदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कसली तिकिटं, ते विचारलं. मी सांगितलं. त्याने सावकाश मान हलवली.

"साहेब, मी इथे नऊ वर्षं आहे. नऊ वर्षांत वरून एकच वस्तू इथे उतरली. पतंग."

मी तिथून कचेरीत कसा आलो, आठवत नाही. रस्त्यात माझेच सहा दगड लागले असणार, पण एकही दिसला नाही. शेजारच्या टेबलावर आमचे एक सहकारी बसतात. ते सगळ्यांचं सगळं दुरुस्त करतात, म्हणून त्यांना आम्ही 'दुरुस्ती' म्हणतो. मी त्यांना मोबाइलमधलं पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला.

"हवाई अंतर म्हणजे विमानाचं अंतर नव्हे हो," ते म्हणाले. "नकाशावर दोन ठिपके आणि मधे पट्टी ठेवून मारलेली रेघ. त्या रेघेवरून विमान जात असतं, तर एकवीस मिनिटं लागली असती. 'तर' हा शब्द त्यांनी छापलेला नाही, इतकंच."

सव्वीस वर्षं अंतरात घालवून मी एका 'तर'मध्ये अडकलो होतो. माझ्या बचावासाठी सांगतो: मला फक्त जमिनीवरच्या अंतराची सवय. हवेत दगड रोवता येत नाहीत.

संध्याकाळी मावशींना खरं काय ते सांगून टाकावं, म्हणून फोन लावला. मला बोलायची संधीच मिळाली नाही. मावशींनी सगळ्या गावाला सांगितलं होतं. त्यांच्या गावात धावपट्टी नव्हती, पण उत्साह होता. शाळेचं मैदान साफ करून घेतलं होतं. मधोमध चुन्याने एक भलं मोठं वर्तुळ काढलं होतं आणि त्याकडे बोट दाखवणारा बाण, म्हणजे पायलट चुकू नये. गावात पहिलं विमान उतरणार म्हणून नगराध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन येणार होते. शाळेचं बँडपथक चार दिवस एकच धून घोटत होतं. मी म्हणालो, "मावशी, एक सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "वर्तुळ लहान पडेल का?" मी म्हणालो, नाही, पुरेल.

बायकोला मात्र सांगावंच लागलं. तिने ऐकून घेतलं. ओरडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. "तुमचं सगळंच हवाई," एवढंच म्हणाली आणि जीपवाल्याला फोन लावला. रविवारी पहाटे पाचला निघायचं. मावशींना तिने कळवलं की विमान दुपारी तीनला पोचेल. आणि आईला काय सांगायचं, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ते तुम्ही सांगा. एकवीस मिनिटंही तुम्हीच सांगितली होती."

शनिवारी सांगायचं म्हणून मी तीनदा पडवीत गेलो. तिन्ही वेळा त्या डोळे मिटून बसलेल्या, मागे मिक्सर सुरू. तिसऱ्या वेळी त्यांनी एकविसाव्या मिनिटाला डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसल्या. अठ्ठावीस वर्षांच्या नात्यात त्या माझ्याकडे बघून तशा कधी हसल्या नव्हत्या. मी म्हणालो, "आई, उद्या पहाटे जीप येईल. विमानतळ जरा लांब आहे."

रविवारी पाचला निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी बायको, मागे मी आणि सासूबाई. मांडीवर त्यांची पर्स, पर्सच्या वर घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी, नाकाशी रुमाल. धावपट्टीचं फाटक डावीकडे मागे पडलं. त्यांनी मान वळवून ते नीट पाहून घेतलं. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. मर्यादा ओलांडली गेली, हे माझ्या आणि त्यांच्याही एकदमच ध्यानात आलं.

"अजून किती लांब आहे विमानतळ?"

बाहेर एकतिसावा दगड गेला. माझ्या सहीचा. स्वतःच्या दगडासमोर खोटं बोलणं मला जमेना. मी सांगून टाकलं. पान, रेघ, 'तर', पतंग, सगळं. ड्रायव्हरने आरसा किंचित वळवला, म्हणजे त्याला आमचे चेहरे दिसावेत.

तीन किलोमीटर मी पिशवीवर नजर ठेवून होतो. चौतिसाव्या दगडाला त्यांनी रुमाल खाली केला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. आणि सुरुवात केली.

वाचकहो, मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. कचेरीत खाल्ली, घरी खाल्ली, एकदा तर चुकीच्या घरात शिरून खाल्ली. पण दोनशे त्रेपन्न किलोमीटर लांबीची बोलणी मी प्रथमच खात होतो. एकवीस मिनिटांपासून सुरू करून त्या हळूहळू माझ्या जुन्या मिनिटांकडे वळल्या. लग्नाआधी मी म्हणालो होतो की आमचं घर बाजारापासून पाच मिनिटांवर आहे. "ती पाच मिनिटं माझी मुलगी अठ्ठावीस वर्षं चालतेय, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. अजून संपली नाहीत." त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दोन मिनिटांत येतो म्हणून गेलो होतो. त्या वेळी मी परत आलो, तोवर त्यांची पट्टी निघाली होती. पुढच्या सीटवरून बायको अधूनमधून तारखा पुरवत होती.

मग त्यांचं लक्ष दगडांकडे गेलं. नव्या भिंगांमुळे त्यांना लांबचं फार छान दिसतं. प्रत्येक दगड दिसला की त्या विचारायच्या, "हा तुमचा?" मी म्हणायचो, हो. "ठीक आहे," असं म्हणून त्या आकडा मनाशी वाचायच्या आणि थांबलेलं बोलणं जिथल्या तिथून उचलायच्या. बासष्ट गेला. त्रेसष्ट गेला. चौसष्ट गेला. पुढचा दगड आला, त्यावरही चौसष्ट होतं.

"गाडी थांबवा," सासूबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. त्या खाली उतरल्या, दगडापाशी गेल्या, आकड्यावरून बोट फिरवलं आणि परत येऊन बसल्या.

"जावईबापू, आपण एक किलोमीटर आलो की जागच्या जागीच आहोत?"

मी म्हणालो, तो पासष्ट असायला हवा होता. त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती.

"आणि मी या माणसाच्या घड्याळावर विमानात बसणार होते," त्या म्हणाल्या, तेव्हा ड्रायव्हर पहिल्यांदाच बोलला. तो म्हणाला की अकरा वर्षं तो या रस्त्याने जातोय आणि या जागेला सगळे ड्रायव्हर 'डबल चौसष्ट' म्हणतात. इथे चहाची टपरीही त्याच नावाने आहे. ती खरोखरच होती. पाटीवर तसं लिहिलेलंही होतं. आम्ही तिथेच चहा प्यालो. सासूबाईंनी टपरीवाल्याशी माझी ओळख करून दिली.

घाट लागला. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. चौथ्या फेऱ्याला बायकोने मागे वळून आईकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पाहून मलाही कळलं. पाच तास होत आले होते आणि सासूबाईंना गाडी लागलेली नव्हती. त्यांच्या ते लक्षातच आलेलं नव्हतं. रागवायच्या भरात वेळच मिळाला नव्हता. बायकोने डोळ्यांनी मला खुणावलं की त्यांना थांबू देऊ नका. तेव्हा जिथे बोलणं जरा मंदावेल, तिथे मी स्वतःहून आणखी एखादी जुनी चूक काढून पुढे केली. काही तर त्यांना ठाऊकही नव्हत्या. मला वाटतं, कुठल्याच जावयाने सासूच्या प्रकृतीसाठी इतकं केलं नसेल.

पाचव्या फेऱ्याला मला गाडी लागली.

जीप कडेला घेतली. सासूबाईंनी पर्सवरची पिशवी उलगडून माझ्या हातात दिली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. वाया गेली नाही, हे बरं झालं." पुढचे दोन फेरे त्यांनी मला खिडकीची जागा दिली. रागावणं मात्र सुरूच होतं, फक्त आवाज हळू केला होता, माझ्या डोक्याला त्रास नको म्हणून.

तीन वाजायला पाच मिनिटं कमी असताना आम्ही शाळेच्या मैदानात मागच्या बाजूने शिरलो. अख्खं गाव तिथे होतं आणि अख्खं गाव आकाशाकडे बघत होतं. नगराध्यक्ष गुच्छ छातीशी धरून वर बघत होते. बँडवाल्यांनी काठ्या ढोलावर टेकवून माना मागे टाकल्या होत्या. जीपकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जीपने काय यायचं, ती रोजच येते.

सर्वांत पुढे, चुन्याच्या वर्तुळाच्या काठावर, मावशी खुर्चीत बसल्या होत्या. पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेले, कपाळावर आडवा हात, नजर वर.

सासूबाई उतरल्या. नऊ तासांत पहिल्यांदा गप्प झाल्या. मैदानातून चालत गेल्या, मावशींच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि त्यांनीही वर पाहिलं.

"काय दिसतंय गं?"

मावशी वरच बघत म्हणाल्या, "अजून काही नाही. आमची ताई यायचीय विमानाने."

आणि मग त्यांचा कपाळावरचा हात थांबला. तो हळूहळू खाली आला. त्या वळल्या. वळताना स्टुलावरचे पाय खाली आले, गुडघे वाकले, आणि कुणालाही न धरता मावशी उभ्या राहिल्या. पुढचं मी पाहिलं नाही. मला अजून जरा मळमळत होतं, म्हणून मी जीपच्या आड तोंड धूत होतो. बराच वेळ धूत होतो.

तोंड पुसून वर पाहिलं, तर अख्खं गाव आता माझ्याकडे बघत होतं. नगराध्यक्षांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं की विमान कुठे आहे. बँडवाल्यांच्या काठ्या अधांतरी होत्या. मावशींनीही एका हाताने ताईचा दंड धरून माझ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर मावशींना आपल्या गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती, आणि माझ्या बाबतीत तो प्रश्न केव्हाच निकालात निघाला होता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग चुन्याच्या वर्तुळाकडे पाहिलं.

"पलीकडच्या माळावर उतरवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "इथे तुमच्या खुर्च्या मधे होत्या. आम्हाला सोडलं आणि गेलं लगेच. त्याला पुढे जायचं होतं."

"किती वेळ लागला गं, ताई?"

"एकवीस मिनिटं. घड्याळ लावून बसले होते."

बँड वाजला. गुच्छ मला मिळाला. ड्रायव्हर जीपच्या टायरांकडे खाली मान घालून बघत राहिला, तो बँड संपेपर्यंत.

सासूबाई तिथे तीन आठवडे राहिल्या. परत आणायला मी जीप घेऊन गेलो, तेव्हा सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या की येताना विमान झालं, आता जाताना नको. कानांना दडे बसतात. परतीचे नऊ तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गाढ झोपल्या होत्या. 'डबल चौसष्ट'ला तेवढ्या जाग्या झाल्या, चहा घेतला आणि पुन्हा झोपल्या.

आता सगळं सुरळीत आहे, असं लिहून मी हे संपवणार होतो. पण काल रविवार होता. मावशींचा फोन आला. अर्धा तास तब्येती झाल्या, अर्धा तास इतरांच्या झाल्या, आणि मग 'भेट कधी' असं त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, एकवीस मिनिटांचाच तर प्रश्न आहे, या वेळी मीच येते. गुडघे वाकवून खुर्चीत बसायचा सराव त्यांनी सुरू केला आहे. मागे मिक्सर लावतात. परवापर्यंत एकोणीस मिनिटांवर गेल्या होत्या.

मी आज कचेरीत जाऊन दुसऱ्या चौसष्टवर पासष्ट रंगवण्याचा प्रस्ताव टाकला आहे. दुरुस्तींनी तो परत पाठवला. त्यांच्या मते, टपरीचं नाव बदलावं लागेल.